अनुभव धागा: तरुण वयातला जीबीएस, आयसीयूपासून स्वतःच्या पायांवर येईपर्यंत

धागाकर्ती
२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात रुग्ण वाढले आणि गियां-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घरोघरी पोचलं. आजार जुनाच आहे. जुलाब किंवा सर्दी-तापातून उठलेलं विशीतलं पोर एक ते तीन आठवड्यांनी जिन्यावर अडखळतं आणि कधी कधी चार दिवसांत व्हेंटिलेटरवर जातं. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूला सोडून स्वतःच्याच नसांवर उलटते. असे रुग्ण ज्यांनी सांभाळलेत त्यांनी लिहावं. किस्से नकोत, दुसऱ्या घराला उद्या उपयोगी पडेल असा तपशील हवा.

कॅज्युअल्टीतला
पहिली खूण म्हणजे दोन्ही पाय एकदम, खालून वर. तळपायाला मुंग्या, कंबरेत कळ, मग खुर्चीतून उठताना हाताचा टेकू. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. बऱ्याच जणांचं कंबरदुखीच्या गोळ्यांत दोन दिवस जातात ते इथेच.

आधी रक्तातलं पोटॅशियम बघा. ते फार उतरलं तरी माणूस असाच लुळा पडतो आणि त्याचा इलाज अगदी वेगळा आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपणारा मुलगा असेल तर मण्यारचा दंश डोक्यात ठेवा. दाताची खूण दिसत नाही, पण तिथे आधी पापण्या मिटतात, म्हणजे लकवा वरून खाली येतो.

पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी नॉर्मल, हे जीबीएसचं चित्र. पहिल्या आठवड्यात ते पाणीही नॉर्मल येऊ शकतं, नसांतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी एनसीव्ही तपासणीसुद्धा. रिपोर्ट 'नील' आला म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका.

मूल १५ वर्षांखालचं असेल तर सरकारी माणसं शौचाचे दोन नमुने मागतील, २४ तासांच्या अंतराने, लकवा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. ही पोलिओवरची नेहमीची पाळत आहे, तुमच्या मुलाला पोलिओ झाला असा त्याचा अर्थ नाही. द्या.

रात्रपाळी
पायांकडे सगळे बघतात. जीव जातो तो श्वासाने.

बोटावरचं ऑक्सिजनचं मशीन ९८ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका, तो आकडा सगळ्यात शेवटी पडतो. त्यापेक्षा एका श्वासात आकडे मोजून घ्या: खोल श्वास, मग सेकंदाला साधारण दोन आकडे, मोठ्याने. २०च्या खाली आलं की डॉक्टरांना सांगायचं, १०च्या आसपास असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. दर चार तासांनी मोजा आणि कागदावर लिहा, कारण एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. उशीवरून मान उचलता येत नाही, खोकला फुसका, लाळ गळतेय, वाक्य मध्येच तुटतंय, यातलं काही दिसलं तरी तेच. छातीची ताकद मोजणारं यंत्र असेल तर एका श्वासात किलोमागे २० मिलिलिटर हवा ही सीमा धरतात. ६० किलोच्या मुलीला म्हणजे १२०० मिलिलिटर.

श्वासाची नळी घालावी लागणार असेल तर ती दिवसाउजेडी, ठरवून घातलेली बरी. भूल देणाऱ्यांना जीबीएस आहे हे मोठ्याने सांगा. सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं नेहमीचं औषध इथे टाळतात, पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं.

नाडी आणि बीपी लहरी होतात. सक्शन (नळीतून कफ ओढून काढणं) करताना नाडी घसरू शकते, म्हणून नजर मॉनिटरवर हवी. बीपी चढलं की लगेच जोरदार औषध देण्याची घाई नको, थोड्या वेळात ते आपोआप कोसळूही शकतं.

आणि एक, जे नातेवाईक विसरतात: रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. हलत नाही, पण सगळं ऐकतो. खाटेपाशी उभं राहून बिलावर चर्चा करू नका. बाराखडीचा तक्ता करा. आधी ओळ विचारायची, मग अक्षर, होकाराला नजर वर. पापणी मिटत नसेल तर मलम लावून पट्टी, नाहीतर बुबुळाला जखम होते.

फार्मसीवाला
आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली, शिरेतून द्यायची प्रतिपिंडं. त्याचा हिशेब: किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोला रोज २४, एकूण १२० ग्रॅम. वजन अंदाजाने नको, खाटेच्या काट्यावर करा. बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, गोठवायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत (फेस होतो). सुरुवात अगदी हळू. थंडी वाजली किंवा डोकं धरलं की वेग कमी करायचा. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघायचं आणि शरीरात पाणी पुरेसं ठेवायचं. प्रत्येक बाटलीचा स्टिकर फाइलला चिकटवा.

दुसरा मार्ग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलण्याचा, दोन आठवड्यांत साधारण पाच वेळा. परिणाम दोन्हींचा सारखाच. आधी आयव्हीआयजी देऊन लगेच प्लाझ्मा बदलला तर दिलेलं औषधच धुऊन निघतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा फायदा नाही. पहिल्या कोर्सने फरक दिसला नाही म्हणून लगेच दुसरा द्या, हा हट्ट नातेवाईक धरतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. सुधारून पुन्हा घसरण झाली तर गोष्ट निराळी, तेव्हा डॉक्टर परत देतात.

खर्च लाखांत जातो. बाटल्या विकत घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथे कळतं.

वाचाताई
गिळण्याबद्दल थोडक्यात. पातळ पाणी सगळ्यात धोक्याचं, ते श्वासनलिकेत सटकतं. सुरुवात घट्ट दही, नाचणीचं घट्ट सत्त्व, गुठळी न राहिलेली खीर यांनी. आजी लोकांना पटत नाही, पण पातळ वरण घातलेला भात या टप्प्यावर नको: शितं तोंडात राहतात आणि पाणी आधीच पुढे जातं. घास चमचाभर, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा आला तर थांबा. गळ्याला छिद्र केलेलं असेल आणि बोलण्याचा व्हॉल्व्ह लावायचा असेल तर आधी नळीचा फुगा पूर्ण सोडलाच पाहिजे. नाहीतर श्वास बाहेर जायला वाटच नाही.

फिजिओ_सातारा
काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं, रुग्ण हलत नसला तरी. दर दोन तासांनी कूस बदला. घोटा ९० अंशात स्प्लिंटमध्ये, नाहीतर टाच आखडते आणि पुढे ताकद आली तरी पाऊल टेकत नाही. प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा-तीनदा पूर्ण फिरवायचा, बोटंसुद्धा. उचलताना बगलेत हात घालून ओढू नका, सैल पडलेला खांदा निखळतो.

मालिशवरून भांडणं होतात. हलका हात चालेल. या रुग्णांना चादरीचा स्पर्शही झोंबतो, आणि एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर हात लावायचा नाही. आत गुठळी असू शकते.

ताकद बहुधा वरून खाली परतते: आधी मान, खांदे, मांड्या, सगळ्यात शेवटी पाऊल. का, तेही समजून घ्या. नसेचं नुसतं वरचं आवरण गेलं असेल तर काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, वर्ष का लागतं ते कळेल. तोवर पाऊल लोंबत असेल तर एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) घाला. त्यात कमीपणा नाही, पडून मनगट मोडण्यापेक्षा बरं.

तरुण मुलांची खोड म्हणजे जिममधली सवय. इथे 'अजून पाच' चालत नाही. जो स्नायू अवयवाचं स्वतःचं वजनही उचलू शकत नाही, त्याला थकेपर्यंत राबवलं तर तो मागे जातो. पाच-सहा वेळा, विश्रांती, पुन्हा. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: कालच्यापेक्षा अशक्त वाटलं तर काल जास्त झालं. पहिल्यांदा बसवताना आणि उभं करताना बीपी पडतं, म्हणून टिल्ट टेबल (हळूहळू उभं करणारी खाट), पोटाला पट्टा, आणि घाई नाही.

भटकी
सहा महिने झाले, चालतो, पण दुपारी दोनला गळून जातो असं शेजारच्या मुलाचं आहे. हे आळसात काढावं का?

फिजिओ_सातारा
नाही. सहा महिन्यांत साधारण दहातले आठ जण आधाराशिवाय चालतात, पण थकवा त्यानंतरही बराच काळ राहतो. कॉलेज आधी अर्धा दिवस, अवघड विषय सकाळी. बोटांत जोर नसेल तर परीक्षेला लेखनिकासाठी वैद्यकीय दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

फार्मसीवाला
भर घालतो: आयव्हीआयजीनंतर गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात. फाइलमधल्या तारखा त्यासाठी सांभाळा.

फिजिओ_सातारा
दुचाकीचं सगळेच विचारतात. उभ्या गाडीवर बघा: क्लच पूर्ण दाबून पन्नास वेळा सोडता येतो का, हेल्मेटचा पट्टा एका हाताने लागतो का, थांबल्यावर एका पायावर गाडीचं वजन पेलतं का, ब्रेकवर पाऊल चटकन जातं का. तळपायाला अजून बधिरपणा असेल तर पाऊल ब्रेकवर आहे की नाही हे न बघता कळणार नाही. तोवर बसच.