निलंबनाने रुग्ण सुरक्षित होतो का?

सेवानिवृत्त परिचारिका, डिचोली: ‘चुकीचे इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला निलंबित करा, रुग्णालये आपोआप सुधारतील’ असे काल येथे एका सदस्याने लिहिले आणि त्याला भरभरून दाद मिळाली, म्हणून ३१ वर्षे वॉर्डात काढलेली मी उत्तर देत आहे. पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटर यांच्या कुप्या रात्री तीन वाजता एकाच ट्रेमध्ये सारख्याच दिसतात, आणि पहिली पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबते. एकदा मी सिरिंज भरता भरता लेबल वाचून थबकले. कोणाला सांगितले मात्र नाही, कारण सांगणारीलाच मेमो मिळे. ती कुपी वॉर्डाच्या ट्रेमध्ये ठेवूच नये, हे त्यामुळे कोणाला सुचलेच नाही.

फोंडेकर: बाई, आपली कळकळ मान्य, पण माझ्या वडिलांना शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची रक्तदाबाची गोळी दिली गेली, ते न्हाणीघरात पडले, डोक्याला सहा टाके पडले, आणि आम्हाला सांगण्यात आले की वय झाले की असे होतेच. डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाचे कवच आहेच: घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय फौजदारी खटला नाही. आता परिचारिकांनाही हवे काय?

पेडणेकर: मूळ दुखणे भाषेचे आहे. आमच्या आजीने इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा उठवला, तेव्हा मोतीबिंदू कोणत्या डोळ्याचा हे तिला कोणी कोकणीत वा मराठीत विचारले नव्हते. उजव्याऐवजी डाव्या डोळ्यावर पट्टी पाहून तिनेच हात झटकला, म्हणून निभावले.

फोंडेकर: झाले! गोव्यातला १९८७चा कोकणी-मराठी राजभाषेचा वाद शस्त्रक्रियागृहातही आणलात.

पेडणेकर: वाद राजभाषेचा नाही, डोळ्याचा आहे. २०१६पासून औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावे असा डॉक्टरांना नियम आहे, पण ती मोठी अक्षरेही रोमी लिपीतलीच. वाचणार कोण, आजी?

सेवानिवृत्त परिचारिका, डिचोली: हे अवांतर आहे असे लिहिणार होते, पण जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची १९ कलमी शस्त्रक्रिया-तपासणी यादी रुग्णालाच नाव, शस्त्रक्रियेची जागा आणि शस्त्रक्रिया कोणती हे विचारण्यापासून सुरू होते, त्यामुळे माघार घेते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यासाठी कोणाला निलंबित करावे लागले नव्हते. फोंडेकर, ती गोळी देणारीला नोकरीची धास्ती नसती, तर तिने त्याच रात्री आपल्याला सांगितले असते.

फोंडेकर: असेलही. ज्या दिवशी एखादी परिचारिका अशी नोंद स्वतःहून करील, त्या दिवशी मी निलंबनाची मागणी मागे घेईन. तोवर सहा टाक्यांची नोंद माझ्याकडे आहे.