सॉलिडवर्क्स असेंब्ली हलतच नाही, तातडीने मदत हवी आहे

फिक्स्चरवाला: सॉलिडवर्क्स (३डी डिझाइनचं सॉफ्टवेअर) मधल्या असेंब्लीत, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या फाइलमध्ये, बेस प्लेटवरचं एक भोक सरकवलं की कर्सर नुसता गोल फिरत बसतोय. उद्या कस्टमरकडे डिझाइन अप्रूव्हल आहे. फॉरमॅट मारू का? लवकर सांगा.

खटपट्या: पार्ट किती? रॅम किती? फायली कुठे ठेवल्यात?

फिक्स्चरवाला: पार्ट २१०, रॅम ३२ जीबी. मशीन चांगलंच आहे हो.

रॅमभक्त: ३२ मध्ये काय होणार? ६४ करा, भारीतलं ग्राफिक्स कार्ड टाका. माझं तेव्हापासून लोण्यासारखं चालतंय.

खटपट्या: उगाच खर्चात पाडू नका त्यांना. माप बदलताना टास्क मॅनेजर बघा.

फिक्स्चरवाला: सीपीयू १३ टक्के. रॅम निम्मी रिकामी.

खटपट्या: म्हणजे प्रोसेसरच्या ८ थ्रेडपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) एकच राबतोय. आधीचं फीचर (भोक, कड असा एकेक आकार) झाल्याशिवाय पुढचं रीबिल्ड, म्हणजे नव्याने तयार, होत नाही, तिथे रॅम काय करणार? ट्रीमध्ये (बाजूच्या यादीत) पार्टच्या नावापुढे बाण, म्हणजे दुसऱ्या पार्टवरून माप घेतल्याची खूण, दिसतोय का?

फिक्स्चरवाला: जवळजवळ सगळ्यांपुढे. लोकेटरची (जॉब जागेवर बसवणारा पार्ट) कड ब्रॅकेटवरून घेतलीय, ब्रॅकेट प्लेटवरून. असेंब्लीत बसूनच करतात ना सगळे?

जुना ड्राफ्ट्समन: इथेच तर गोम आहे. प्लेट हलली की ब्रॅकेट, मग लोकेटर. त्यात लोकेटरवरून परत प्लेटवर काही घेतलं असेल तर चक्र पूर्ण, रीबिल्डचा दिवा (रीबिल्ड बाकी असल्याची खूण) विझतच नाही. मुख्य मापं एका स्केलेटन पार्टच्या (नुसता मापांचा सांगाडा) स्केचमध्ये ठेवा, बाकीच्यांनी फक्त तिथून घ्यावं. उद्यापुरतं, फायनल झालेल्या पार्टवर राइट क्लिक, एक्स्टर्नल रेफरन्सेस, लॉक ऑल. बाणापुढे चांदणी येईल. ब्रेक ऑलला हात लावू नका, लॉक उघडता येतं, तुटलेली जोड परत येत नाही.

कमांडर: पर्ज आणि ऑडिट मारा, फाइल हलकी होते.

खटपट्या: दादा, ते ऑटोकॅडमध्ये, ते वेगळं सॉफ्टवेअर.

नवशिका: पिंपरीत सॉलिडवर्क्सचा चांगला क्लास कुठे आहे?

फिक्स्चरवाला: केलं लॉक. भोक लगेच सरकलं, पण ब्रॅकेट जागेवरच राहिला!

जुना ड्राफ्ट्समन: कुलूप लावल्यावर तो कसा हलेल? आधी प्लेट पक्की करा, मग लॉक.

फिक्स्चरवाला: बरं. पण फाइल उघडायलाच वेळ लागतो, त्याचं काय?

खटपट्या: बोल्टवर खरे आटे कापलेत का? आणि फायली कुठे आहेत ते अजून सांगितलं नाहीत.

फिक्स्चरवाला: सर्व्हरवर. आटे हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळणाची रेघ) काढून स्वीपने, म्हणजे त्या रेघेवरून आकार फिरवून, कापलेत, कस्टमरला छान दिसतात.

खटपट्या: त्याऐवजी कॉस्मेटिक थ्रेड (न कापता नुसते दाखवलेले आटे) लावा, आणि पॅक अँड गो करून (जोडलेल्या सगळ्या फायली एकत्र कॉपी करायची सोय) सगळं लोकल डिस्कवर घ्या.

रॅमभक्त: तरी ६४ कराच.