टेक्सास: काउंटीचं व्हॅल्युएशन आणि प्रोटेस्ट करणारे 'कंजूस' आपण

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)
ग्रुपवर परवा एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की घराची किंमत वाढली की आपले लोक पॉटलकमध्ये मिरवतात, आणि काउंटीने प्रॉपर्टी टॅक्ससाठी तीच किंमत लावली की रडत प्रोटेस्ट करतात (म्हणजे किंमत कमी करा अशी हरकत घेतात), हा निव्वळ कंजूसपणा आहे, शाळा याच टॅक्सवर चालतात हे कळतं का वगैरे. तिथे उत्तर द्यायला गेलो तर कमेंट बंद. म्हणून इथे.

कळतं हो शाळा कशावर चालतात. पण झिलोवरचा (घरांच्या अंदाजे किमती दाखवणारी साइट) आकडा माझ्या खात्यात जमा होत नाही, आणि टॅक्स मात्र खात्यातून जातो. आणि हा काउंटीचा आकडा येतो कुठून? टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे सांगायची सक्तीच नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टवाले (टॅक्ससाठी घरांच्या किमती ठरवणारी स्थानिक कचेरी) मिळतील तेवढ्या विक्रीच्या किमती गोळा करतात, चौरस फूट, बांधल्याचं वर्ष, घराचा क्लास टाकून मशीनमधून हजारो घरांचे आकडे एका झटक्यात काढतात, घरात येऊन कोणी बघत नाही. माझ्या मागच्या गल्लीत एकाने स्विमिंग पूल केला, क्वार्ट्झ टाकलं, भिंत पाडून किचन मोठं केलं, आणि माझं २००४ चं लॅमिनेट ओटा असलेलं घर त्याच्या रांगेत बसवलं. मग विचारू नको? कायद्यानेच १५ मेपर्यंत मुदत दिलीये (किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, जे नंतर असेल ते). ही काय भीक आहे?

निवांत
ती पोस्ट माझी. कमेंट बंद केल्या कारण तिसऱ्याच प्रतिसादाला माझा पगार काढला होता.

मुद्दा असा आहे की तुमची व्हॅल्यू कमी झाली म्हणून सिटीचं किंवा शाळेचं बजेट कमी होत नाही. आधी खर्च ठरतो मग रेट. तुम्ही कमी करून घेतलंत की तो हिस्सा सरकतो, आणि सरकतो कोणावर तर ज्याला एक्सेल येत नाही, सुट्टी मिळत नाही, नोटीस आलेली कळत नाही त्याच्यावर. माझ्या शेजारी एक मेक्सिकन आजी आहेत, त्यांनी आयुष्यात प्रोटेस्ट केला नाही. तुमचे वाचलेले डॉलर त्या भरतायत. आणि अप्रेझल डिस्ट्रिक्टला मुद्दाम कमी लावून चालत नाही, राज्याचा कंट्रोलर (राज्याचे हिशोब बघणारा अधिकारी) त्यांचे आकडे बाजाराशी ताडून बघतो, फार खाली असले तर शाळेला मिळणारा राज्याचा पैसा कापला जाऊ शकतो.

वैशाली_पी
आजी ६५ च्या वर असतील तर त्यांचा स्कूल टॅक्स फ्रीज झालेला (आहे त्या रकमेवर गोठलेला) असणार, बिलातला सगळ्यात मोठा तुकडा तोच. त्यामुळे त्या माझे डॉलर भरत नाहीयेत. भावनिक उदाहरण देण्याआधी बिल बघावं.

शाळा शाळा करताय तर हेही सांगा की प्लेनो आयएसडीसारख्या (शाळांचा स्थानिक डिस्ट्रिक्ट) श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून राज्य रीकॅप्चरमध्ये, म्हणजे गरीब डिस्ट्रिक्टना वाटायला, वर्षानुवर्षं पैसे नेतंय. आमची व्हॅल्यू वाढली की आमच्याच शाळेला तेवढे मिळतात असं नाहीये.

आणि कॅपबद्दल कोणी बोलत नाही. होमस्टेडची (स्वतः राहतो म्हणून नोंदवलेलं घर) टॅक्सची व्हॅल्यू वर्षाला १०% च्या वर चढवता येत नाही, ऐकायला छान. २०२२ ला मार्केट वेडं झालं, कॅपमुळे आपण वाचलो, पण तो साठलेला फरक पुढच्या वर्षी परत १०% ने गळ्यात. मार्केट थंड पडलं, शेजाऱ्याचं घर दोन महिने विकेना, आणि माझी अप्रेझ्ड व्हॅल्यू तरी वर. घरी नवऱ्याला हे समजावताना माझं डोकं फिरलं.

बाळ्या_केटी
तुम्ही डॅलसवाले सुखी आहात. आमच्याकडे येऊन मड टॅक्स (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा, नव्या वस्तीच्या पाणी-ड्रेनेजसाठी) भरा मग बोला. नवीन सबडिव्हिजन, बिल्डरने पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइप टाकल्या, त्याचे बाँड आम्ही फेडतोय, वर पूर आला की पाणी दारातच. व्हॅल्युएशन कमी करून काय होणार, रेट बघा रेट.

फ्रिस्कोकर
बाळ्या, रेटवर वेगळा धागा काढ.

निवांत, "सरकतो" हे अर्धंच खरं. सगळ्यांची व्हॅल्यू एकदम वाढली आणि रेट तेवढा खाली आणला नाही तर तो टॅक्स वाढवणंच झालं, फक्त कौन्सिलमधला माणूस म्हणतो आम्ही रेट एक पैसा कमी केला, टाळ्या. २०१९ च्या कायद्यानंतर सिटी-काउंटीला टॅक्सचं उत्पन्न ३.५% च्या वर वाढवायचं तर लोकांचं मत घ्यावं लागतं, तोवर ही मर्यादा ८% होती आणि मतासाठी लोकांनाच पिटिशन करावी लागायची.

आणि माझा प्रोटेस्ट हवेतला नव्हता. हॉलमध्ये दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत तिरकी भेग आहे, बेडरूमचं दार लागत नाही. फाउंडेशनवाल्याचं लेखी एस्टिमेट घेतलं, फोटो लावले, ज्या तारखेची व्हॅल्यू धरतात त्या १ जानेवारीला घर या अवस्थेत होतं एवढंच म्हटलं. कमी झालं.

अण्णा_गारलंड
फाउंडेशनला पाणी घालता का?

फ्रिस्कोकर
अण्णा, विषय टॅक्सचा आहे.

अण्णा_गारलंड
पाणी घातलं असतं तर विषयच आला नसता. मी १९९८ पासून इथे आहे, उन्हाळ्यात घराभोवती सोकर होज (पाणी झिरपवणारा पाइप), एक भेग नाही.

वैशाली_पी
काहीही हं. ऑगस्टमध्ये वॉटरिंग रिस्ट्रिक्शन असतात आणि तुम्ही घराला पाणी पाजताय. हे फाउंडेशन कंपन्यांनीच पसरवलेलं आहे.

सिव्हिलवाला
अवांतर आहे पण राहवत नाही. ताई, पसरवलेलं नाहीये. इथली ब्लॅकलँडची माती आणि आपल्याकडची कपाशीची काळी माती चुलत बहिणी आहेत. माझे वडील यवतमाळकडचे, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. इथे त्याच मातीवर पातळ काँक्रीट स्लॅब टाकून घर उभं केलंय. कडेची माती सुकली की कडा खाली बसते आणि मधला भाग तसाच राहतो. पाणी घालायचं ते ओलावा सारखा ठेवायला, चिखल करायला नाही. होज स्लॅबला चिकटून नको, फूट-दीड फूट लांब. आणि घराला खेटून लाइव्ह ओक (मोठा सदाहरित वृक्ष) असेल तर तो सगळं पाणी पिऊन टाकतो, मग होज लावा नाहीतर बोअर मारा.

अण्णा_गारलंड
मी चिकटवूनच लावतो. काही झालं नाही.

सिव्हिलवाला
काका, सत्तावीस वर्षं सिगरेट ओढून काही न झालेले पण असतात.

अण्णा_गारलंड
डिग्री असली की मोठ्यांशी कसं बोलायचं ते विसरतात वाटतं. माझं घर उभं आहे, तुमच्या धागाकर्त्याचं दार लागत नाही.

बाळ्या_केटी
आमच्याकडे फाउंडेशनला पाणी घालावं लागत नाही, हरिकेन घालतं 😄

निवांत
पाणी राहू द्या. फ्रिस्कोकर, हे घर पुढे विकणार ना? तेव्हा सेलर्स डिस्क्लोजरमध्ये (विकणाऱ्याने घराचे दोष लिहून द्यायचा फॉर्म) फाउंडेशनचा रकाना असतो. काउंटीपुढे शपथेवर घर वाकडं, आणि गिऱ्हाइकापुढे "वेल मेंटेन्ड, मूव्ह-इन रेडी"? ते एस्टिमेट तेव्हाही दाखवणार का?

फ्रिस्कोकर
दाखवणार. दुरुस्त करून, पिअर (स्लॅबखालचे आधाराचे खांब) टाकल्याची वॉरंटी जोडून दाखवणार. तुम्ही मला खोटारडा म्हणताय का सरळ सांगा. तुमचं स्वतःचं त्या तळ्याजवळचं दुसरं घर भाड्याने दिलेलं आहे, त्यावर होमस्टेड लावलेलं नाही ना हे बघून घ्या आधी, मग आमची नीतिमत्ता तपासा.

निवांत
नाही लावलेलं. पूर्ण टॅक्स भरतो, एकदाही प्रोटेस्ट न करता. आणि माझी घरं इथे काढायचं कारण नव्हतं.

वैशाली_पी
पूर्ण टॅक्स तुमचा भाडेकरू भरतो, तुम्ही चेक लिहिता. त्याला होमस्टेड नाही, १०% कॅप नाही, प्रोटेस्टच्या सुनावणीला सहसा त्याला कोणी बोलवतही नाही. तुम्ही प्रोटेस्ट न करण्याचा मोठेपणा त्याच्या खिशातून मिरवताय.

मिनल_एआरबी
इतका वेळ वाचत होते. मी दोन सीझन अप्रेझल रिव्ह्यू बोर्डाच्या (एआरबी, प्रोटेस्टची सुनावणी घेणारा बोर्ड) पॅनेलवर बसलेय, काउंटीची नोकर नाही, तुमच्यासारखीच रहिवासी. लोक येतात आणि सांगतात नोकरी गेली, मुलाची ट्यूशन आहे, टॅक्स परवडत नाही. वाईट वाटतं पण आमच्या हातात ते नसतंच. आम्ही दोनच गोष्टी बघतो, १ जानेवारीला बाजारभाव काय आणि आजूबाजूच्या सारख्या घरांपेक्षा तुम्हाला जास्त लावलंय का. एक बाई चार फोटो आणि प्लंबरचं बिल घेऊन आल्या, दहा मिनिटांत काम झालं. त्यानंतरचे गृहस्थ चाळीस पानं आणून रेटवर भाषण देत होते, काही मिळालं नाही. डिस्ट्रिक्टकडचा पुरावा सुनावणीच्या १४ दिवस आधी मागता येतो, तो मागतच नाहीत लोक.

आणि निवांत, हिस्सा सरकतो हे खरं आहे, पण घरवाल्यांमुळे कमी. टॉवर आणि मॉलवाले वकील घेऊन दरवर्षी येतात, इथे नाही जमलं तर डिस्ट्रिक्ट कोर्टात जातात. तुमच्या पोस्टमध्ये त्यांना कंजूस म्हटलेलं दिसलं नाही.

निवांत
बरं बाई, तुम्ही बोर्डावर, सिव्हिलवाले मातीवर, वैशालीताई माझ्या भाडेकरूवर, मी एकटाच अडाणी. मॉलवाल्यांचं मान्य. मराठी माणसाचा कंजूसपणा हा शब्द मागे घेत नाही, फक्त त्यात मॉलवाले जोडतो. आणि शेजारच्या आजींना यंदा मीच घेऊन जाईन, बघू काय दिवे लागतात.

मिनल_एआरबी
नुसतं घेऊन गेलात तर बसून ऐकाल. त्यांच्या वतीने बोलायचं असेल तर एजंट नेमल्याचा ५०-१६२ फॉर्म आधी त्यांच्या सहीने भरा. आणि ६५ चं एक्झेम्प्शन (६५ च्या वरच्यांना टॅक्समधली सूट) त्यांनी मुळात घेतलंय का ते बघा. बऱ्याच जणांनी अर्जच केलेला नसतो, आणि सिटी-काउंटीचा फ्रीज सगळीकडे नसतो.

अण्णा_गारलंड
आजींच्या घराला ओक आहे का?