शब्दचर्चा : 'कर्दनकाळ', 'साडेसाती' की 'नडणारा'?

मेझ-निळा
मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर मराठीत लेख लिहितोय. (अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळतात तो.) शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ज्या खेळाडूंनी आणि कोचनी आम्हाला वर्षानुवर्षं रडवलं, त्यांच्याविषयी आहे. शीर्षकापाशीच गाडी अडलीय. 'खलनायक' नको, कारण या लोकांनी काही पाप केलेलं नाही, ते फक्त जिंकले. 'प्रतिस्पर्धी' तर सगळेच असतात. एरवी बरा खेळणारा, पण आपला संघ समोर दिसला की ज्याच्या अंगात येतं, अशा माणसाला काय म्हणाल?

नमुने देतो. कोच जिम ट्रेसल : २००१ ते २०१०, दहा सामने, त्यातले नऊ त्याचे. (२०१० चा विजय नंतर नोंदींतून रद्द झाला, पण मैदानावर आम्ही हरलोच होतो.) कोच अर्बन मायर : २०१२ ते २०१८, सातपैकी सात. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा) जे. टी. बॅरेट : चारपैकी चार.

शिळोप्याचा
कर्दनकाळ. विषय संपला.

उंबरठा
संपला नाही. 'कर्दनकाळ' कुठे येतो बघा : गुंडांचा कर्दनकाळ, राक्षसांचा कर्दनकाळ, फलंदाजांचा कर्दनकाळ. बोलणारा बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या बाजूचा असतो, निदान कौतुक तरी करत असतो. मार खाणारा स्वतः 'हा माझा कर्दनकाळ' म्हणाला तर नाटकी वाटतं. म्हणजे ट्रेसलला 'मिशिगनचा कर्दनकाळ' ओहायोवाल्यांनी म्हणावं. मिशिगनवाल्याच्या लेखात तो शब्द परका वाटेल.

'पनवती'ही कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. पनवती नुसती हजर राहून काम बिघडवते, तिला कष्ट पडत नाहीत. ट्रेसल कष्टाळू होता. नेमणूक झाल्या झाल्या, जानेवारी २००१ मध्ये, बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात उभं राहून त्याने सांगितलं होतं की ३१० दिवसांनी ॲन आर्बरमध्ये, म्हणजे मिशिगनच्याच घरी, आमच्या पोरांचा तुम्हाला अभिमान वाटेल. दिवस मोजून ठेवणाऱ्या माणसाला पनवती कसं म्हणणार? त्या नोव्हेंबरात ते जिंकलेही, २६-२०.

अडीचकी
मायरसाठी शब्द तयारच आहे की! साडेसाती. सात हंगाम, सात पराभव, आणि मग गृहस्थ स्वतःहून राशीतून बाहेर. ट्रेसलची मात्र दहा वर्षं म्हणजे शनीही लाजेल.

थोडं गंभीरपणे : कोच आणि खेळाडू यांना एक शब्द लावू नका. कॉलेजचा खेळाडू साधारण चार हंगाम खेळतो आणि हे दोन संघ वर्षातून बहुधा एकदाच भिडतात, त्यामुळे त्याचा त्रास मोजून चार दुपारी. कोच मुक्कामाला असतो. साडेसातीत तो मुक्काम आहे, आणि मुदतही आहे, म्हणून ती सोसता येते. २०२१ ला मिशिगनने ४२-२७ ने जिंकून पुढचे तीन सामनेही घेतले, तेव्हा 'सुटली एकदाची' हेच म्हणालात ना?

मेझ-निळा
अगदी हेच. पण बॅरेटला साडेसाती म्हणवत नाही. २०१४ ला सामन्यातच त्याचा घोटा मोडला, २०१७ ला गुडघा दुखावून तो बाहेर गेला, आणि दोन्ही वेळा बदली आलेल्या पोरांनी सामना घालवू दिला नाही. त्याचा राग धड येत नाही, आणि विसरताही येत नाही.

कोलंबसकर
ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसात राहतो, म्हणून पलीकडची बाजू. आमच्या कोच जॉन कूपरने १९८८ ते २००० मध्ये बाकी सगळ्यांना भरपूर हरवलं, पण मिशिगनविरुद्ध २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. १९९५ ला तुमच्या बियाकाबुटुकाने एकट्याने ३१३ यार्ड धावून काढले. इथल्या जुन्या मंडळींसमोर ते नाव घेऊन बघा.

त्याहून झोंबतात ते आमच्याच राज्यातले. डेस्मंड हॉवर्ड क्लीव्हलंडचा, चार्ल्स वुडसन फ्रीमाँटचा. दोघेही मिशिगनकडून खेळले, आमच्याविरुद्ध किक परतवून थेट गोल रेषेपार गेले, आणि त्या-त्या वर्षी हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची) घेऊन गेले. इथले एक काका त्यांना 'घरभेदी' म्हणतात.

उंबरठा
काकांना सांगा, घरभेद्याला आधी घरात असावं लागतं. हे दोघे ओहायो स्टेटमध्ये कधी नव्हतेच. तुमच्या गोष्टीत खरी म्हण बसते ती बो शेंबेक्लरला. ओहायोत जन्मलेला, ओहायो स्टेटचा कोच वुडी हेज याच्या हाताखाली शिकलेला, त्याचा सहायक राहिलेला, आणि १९६९ मध्ये मिशिगनचा कोच म्हणून पहिल्याच वर्षी त्याच हेजला २४-१२ ने हरवणारा. गुरूची विद्या गुरूला फळली. तिथपासून दहा वर्षं दोघे भांडले, हिशेब बोच्या बाजूने ५-४-१. २००६ च्या सामन्याच्या आदल्या दिवशी बो गेला, तर कोलंबसच्या मैदानावर त्याच्यासाठी शांतता पाळली गेली. इतका मान ज्याला मिळतो तो 'वैरी'. मला हा शब्द 'शत्रू'पेक्षा जवळचा वाटतो, त्यात ओळखदेख आहे.

शिळोप्याचा
मग घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे, ते चालेल का? त्यात सांगणारा निदान मार खाणाऱ्याच्या डोळ्यांनी बघतो.

अडीचकी
झकास, पण शीर्षकात मावणार नाही. मी 'नडणे' सुचवते. 'आम्हाला नडलेले' : दोन शब्दांत तक्रार आहे, आणि किंचित दादही.

उंबरठा
पसंत. फक्त एक सांगतो. माणूस नडतो हा वापर मुंबईच्या रस्त्यावरचा. जुन्या वापरात पाऊस नडतो, तब्येत नडते, अतिशहाणपणा नडतो. छापील लेखात दोन्ही अर्थ ऐकू येतील.

मेझ-निळा
येऊ देत, मला दोन्ही लागणारच आहेत. २०१६, दुसरा जादा डाव, त्यांचा चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू राखायला हवं होतं एक यार्ड. बॅरेट घुसला आणि पंच म्हणाले पोचला. पुढच्याच चालीत त्यांचा सॅम्युअल गोल रेषेपार, ३०-२७. तिथे आम्हाला बॅरेट नडला नाही, बोटभर जमीन नडली. तो पोचला नव्हता.

कोलंबसकर
पोचला होता.