फातोर्ड्याला जायचं की अंधेरीच आधी भरायची?

निळा_आझादनगर

पुढच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी साडेसातला एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी ही फुटबॉल मॅच, गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर. आमच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटलाय. निम्मे म्हणतात कुणाच्या तरी घरी जमून टीव्हीवर बघू. मी म्हणतो जायचं.

कारण सांगतो. अंधेरीतल्या आपल्या घरच्या मैदानात आपण यजमान असतो तरी कुठे? केरळा ब्लास्टर्स आले की मेट्रोच्या जिन्यापासूनच पिवळे शर्ट. मोहन बागान आले की हिरवे-मरून. मैदान जेमतेम सात-आठ हजारांचं, त्यात पाहुण्यांचाच आवाज मोठा. याबद्दल माझी तक्रार नाही, मुंबईत प्रत्येकाचं एक गाव बाहेर असतंच. पण त्यामुळे मुंबई सिटीचा खरा माणूस कोण, हे अंधेरीत कळत नाही. फातोर्ड्याच्या कोपऱ्यात आकाशी शर्ट घालून बसलेल्याबद्दल मात्र शंका उरत नाही.

आणि एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. आपल्या चारही आयएसएल (इंडियन सुपर लीग) ट्रॉफ्या आपण मुंबईबाहेर जिंकल्यात. २०२१ ची शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याची ट्रॉफी) गोव्यातच बांबोळीला, त्याच वर्षीची फायनल फातोर्ड्याला (कोविड, स्टँड रिकामे). ११ फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा फातोर्डा, एफसी गोवाला ५-३, दुसरी शील्ड. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर ६० हजारांहून जास्त लोकांसमोर मोहन बागानला ३-१. महिनाही झाला नव्हता, त्याच मैदानात त्यांनी आपल्याला २-१ हरवून शील्ड नेली होती. अंधेरीत करंडक जिंकलेला कुणी पाहिलाय? घरीच बसायचं ठरवलं तर या क्लबचे मोठे दिवस टीव्हीवरच बघावे लागतील.

बोईसर_शटल

छान लिहिलंस. आता हिशोब कर. वंदे भारत पहाटे सीएसएमटीहून, दुपारी एक-सव्वाला मडगाव, तिकीट दीड हजाराच्या पुढे. मॅच संपणार सव्वानऊ-साडेनऊला. तुझी लाडकी कोकणकन्या मॅच सुरू व्हायच्या आधीच मडगावहून सुटलेली असते. म्हणजे रात्रीची खोली, सोमवारी सकाळची मांडवी, रात्री मुंबई. सोमवारची रजा कोण देणार? मी शिफ्टमध्ये काम करतो.

अंधेरीची साडेसातची मॅच बघितली तरी विरारला उतरून पुढे डहाणूची गाडी मिळेल की नाही, हा माझा एक्स्ट्रा टाइम असतो. माझ्यासाठी अंधेरीच अवे (परक्या मैदानावरची मॅच) आहे. तरी मी येतो. आणि तू मला ‘शंका’वाल्यांत टाकतोस?

सोफ्यावरचा_कोप

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अवे फॅन्सना तीन हजार तिकिटं किंवा मैदानाच्या दहा टक्के जागा, यातलं जे कमी असेल ते मिळतंच. २०१६ पासून अवे तिकीट ३० पौंडांच्या वर विकता येत नाही. आपल्याकडे असा नियम होईपर्यंत कुणी जाऊच नये. फुकटची हौस कशाला?

निळा_आझादनगर

@सोफ्यावरचा_कोप मँचेस्टर ते लंडन सव्वातीनशे किलोमीटर. मुंबई-मडगाव रेल्वेने जवळपास सहाशे, आणि हा आपला *जवळचा* अवे. तिथली माणसं आधी जायला लागली, आरडाओरडा केला, मग नियम आले. इथे कोपऱ्यात कुणी बसलंच नाही तर नियम करणार कुणासाठी?

@बोईसर_शटल तुला नाही रे म्हटलं. ज्यांना रजा मिळते, पैसे आहेत आणि दर डिसेंबरला गोव्याला जातातच, त्यांच्याबद्दल बोलतोय.

कूपरेजचा_जुना

मुलांनो, तुमच्या वादात मुंबईचं फुटबॉल कुठे आहे?

रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, २०००-०१ ला शेवटचा. देशभरातले संघ मुंबईत कूपरेज मैदानावर यायचे. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते ५४ सलग पाच वेळा कप नेला. आमचे वडील त्या संघाची नावं पाढ्यासारखी म्हणायचे आणि ते होते पक्के गिरगावकर! पाहुणा चांगला खेळला की टाळी पाहुण्याला, ही इथली जुनी रीत. तुम्ही तिला रोग समजताय.

महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला बंद झाली. मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून गेली. यातल्या कुणाला तुमच्या रेल्वे तिकिटांनी वाचवलं असतं? वाचायचं असेल तर ते खालून वाचेल. बांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा टर्फवर मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या मॅचेस होतात, बघायला खेळाडूंचे आईबाप आणि आम्ही चार म्हातारे. नेव्हिल डिसूझा कोण, ते तरी माहीत आहे का? १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक. आपल्या मुंबईचा गडी.

निळा_आझादनगर

काका, महिंद्रा बंद झाली कारण तो कंपनीचा संघ होता. वरच्यांनी ठरवलं, कुलूप लागलं. रस्त्यावर विचारणारं कुणी नव्हतं. पाहुण्याला टाळी देणारा प्रेक्षक फार गोड असतो हो, पण संघ बुडाला की तो पुढच्या संघाला टाळी देतो.

कूपरेजचा_जुना

आणि २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने तुझ्या क्लबचे ६५ टक्के विकत घेतले, तेव्हा रस्त्यावर कुणाला विचारलं होतं?

मडगांवकार

आयलो रे बाबा मी. तुमच्यात निळे कोण-पिवळे कोण ते नंतर ठरवा, आमचा हिशोब आधी. २०२० ला आम्ही पहिली शील्ड जिंकली आणि त्याच वर्षी आमचा कोच लोबेरा तुमच्याकडे. मागोमाग आमचे खेळाडू जाहू, बूमूस, फॉल आणि आमचा स्वतःचा मंदार. २०२४ ला ब्रँडनसुद्धा. २०२१ ची ट्रॉफी गोव्यात जिंकलात म्हणे! अर्धा संघ आमचाच होता, गोव्यात नाही जिंकणार तर कुठे?

आणि मार्च २०१९ विसरू नका. सेमीफायनल, अंधेरी, १-५. तेव्हा आम्ही आलो होतो. धोबीतलावच्या कुडीत उतरलो, गावच्या क्लबाची खोली अजून आहे तिथे. दुसऱ्या दिवशी कामाला जाणारे होते आमच्यातही, @बोईसर_शटल. या तुम्ही. मैदान स्टेशनपासून लांब नाही.

निळा_आझादनगर

२४ एप्रिल २०२४. तुमचंच मैदान. नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतात. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. ३-२. अजून काही?

मडगांवकार

त्या रात्रीबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

अवनी_ठाणे

गोव्याला मी जाणार आहे, तरी @निळा_आझादनगरशी माझं पटत नाही.

अवेला जाणं मला सोपं वाटतं, हे ऐकून मुलं चकित होतात. अंधेरीत मी आणि मैत्रीण दोघीच असतो, मागची रांग काय बोलेल ते नशिबावर. अवे ब्लॉकमध्ये मोजकी माणसं, सगळी तोंडओळखीची. कुणी त्रास दिला तर दहा जण उठतात. घरी आईला पटवताना हेच सांगते (ती फक्त परतीची गाडी किती वाजता, एवढंच विचारते).

पण ‘खरा माणूस कोण’ हे दाखले वाटणं बंद कर. बोईसरहून दर होम मॅचला येणारा आणि वर्षातून एकदा गोव्याला जाऊन फोटो टाकणारा, यात मला पहिला जास्त जवळचा. तुझ्या तर्काने त्याला मोजमापच नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि त्यावर इथे कुणी बोलत नाहीये. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारच्या कोकणच्या गाड्या लगेच भरतात. आणि अवे ब्लॉक मिळणार का, किती जागा, ढोल आत नेता येईल का, हे कळतं मॅचच्या आठवड्यात. गाडीचं तिकीट आधी काढून मॅचच्या तिकिटाची वाट बघणं हा जुगार आहे. क्लबकडे मागायचंच असेल तर हे मागूया: फिक्स्चर लागलं की पंधरा दिवसांत अवे जागा सांगा.

बोईसर_शटल

@अवनी_ठाणे हे बरोबर. आणि रविवारची मॅच पाचला ठेवा, हेही घाला त्यात.

सोफ्यावरचा_कोप

पाचला? गोव्यातल्या उन्हात?

बोईसर_शटल

तू सोफ्यावर असशील. तुला काय ऊन लागतंय.

निळा_आझादनगर

अवनी, पंधरा दिवसांचं पत्र मी लिहितो, सह्या गोळा करू. दाखल्यांचं मात्र मागे घेत नाही. बोईसरच्या भावाला मोजमाप आहेच, तो अंधेरीला येतो तेच त्याचं अवे, हे त्यानेच वर लिहिलंय. मी बोलतोय ते जुहू-वर्सोव्याहून वीस मिनिटांत मैदानात पोहोचून सत्तराव्या मिनिटाला पार्किंगसाठी निघणाऱ्यांबद्दल. त्यांना एकदा मडगावच्या प्लॅटफॉर्मवर रात्र काढू दे.

कूपरेजचा_जुना

शनिवारी दुपारी बांद्र्याला मॅच आहे. रविवारच्या क्रांतीआधी ये.

निळा_आझादनगर

किती वाजता संपते? शनिवार रात्रीच्या कोकणकन्येचं आरएसी आहे माझ्याकडे.

कूपरेजचा_जुना

उजेड आहे तोवर संपते. येताना पाणी घेऊन ये, तिथे मिळत नाही. आणि शर्ट कुठलाही चालेल.