साथी, सोबती, मित्र: फरक काय?

प्रश्न:
कोकणातल्या समाजवादी कार्यकर्त्यांवर लेख लिहितोय. ते एकमेकांना ‘साथी’ म्हणत. त्यांच्या नात्याला सरळ ‘मैत्री’ म्हटलं तर चालेल ना?

प्रतिसाद:
सरसकट नको. राजापूर लोकसभा मतदारसंघातून १९५७पासून तीनदा समाजवादी नेते नाथ पै निवडून आले, १९७१पासून सलग पाचदा त्यांच्याच विचारांचे मधु दंडवते. त्यांच्या प्रचारात राबलेली माणसं एकमेकांची साथी होतीच, पण त्यातले मित्र किती, हे वेगळं विचारावं लागेल. साथ म्हटली की आधी काम आलं.

आमच्याकडे मालवणात रापण ओढताना पाहा. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढतात. आमच्या वाडीतले दोघे बांधावरच्या माडापायी एकमेकांशी बोलत नाहीत. शहाळं कोणाचं, यावरून पार तहसीलपर्यंत गेले होते! पण दोराला पुढेमागे तेच. एकाचा पाय वाळूत घसरला की दुसरा टाच रोवून ताण धरतो, तोंडातून अक्षर न काढता. मासळीचे वाटे पडले की दोघे दोन वाटांनी घरी. हे सोबती, यांना मित्र म्हटलंत तर दोघेही तुमच्यावर धावून येतील.

क्रियापदंही बघा. मैत्री जमते, जुळते, तुटते. सोबत मिळते आणि सुटते. रात्री व्हाळापलीकडे जायचं तर ‘जरा सोबतीक ये रे’ असं कोणालाही म्हणता येतं, अगदी ओळख नसलेल्यालाही. मैत्री अशी घटकाभरासाठी मागता येत नाही.

दुसरा प्रतिसाद:
बरोबर, पण इतकी पक्की भिंत नको. एकत्र तुरुंगात राहिलेल्यांची साथ मैत्रीत मुरते की. ‘कॉम्रेड’ शब्दाचं मूळही एका खोलीत राहणाऱ्यांशीच जातं. माझी कसोटी साधी आहे: पक्ष फुटल्यावर, वेगळ्या झेंड्याखाली गेल्यावरही घरी जेवायला येणं चालू होतं का? असेल तर बिनधास्त ‘मैत्री’ लिहा.

प्रश्नकर्ता:
मग दोन्हीला मिळून ‘दोस्ती’ लिहू?

पहिला प्रतिसादक:
छे! दोस्ती कट्ट्यावरची. सत्याग्रहाच्या वर्णनात विजोड दिसेल. ‘साथी’च ठेवा, आणि ज्या दोघांबद्दल खात्री आहे तेवढ्यांनाच ‘मित्र’ म्हणा.