सेलाइनात नवीन घर : मॉडेल होममध्ये सांगतात तो हप्ता खरा धरायचा का?

लास_कोलिनासकर

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत घर बघतोय. सध्या अर्व्हिंगला भाड्याने राहतो, माझं ऑफिस प्लेनोत, बायकोचं काम घरूनच. लेक ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. फ्रिस्कोत आमच्या बजेटात बसणारी घरं वीस-वीस वर्षं जुनी, म्हणून सरकत सरकत सेलाइनापर्यंत पोचलो. साडेपाच लाख डॉलर, चार बेडरूम, त्यातली एक खाली आई-बाबांसाठी. प्लॉट पूर्वमुखी, त्याचे दहा हजार वेगळे. (बाबांनी पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर मला फोनमधला कंपास लावून दारात उभं केलं होतं.) अजून फक्त जमीन सपाट केली आहे, स्लॅबही पडलेला नाही.

तिथल्या मॉडेल होममधल्या (बिल्डरच्या नमुना घरातल्या) सेल्सच्या बाईंनी महिन्याचा हप्ता लिहून दिला, त्यात प्रॉपर्टी टॅक्स अगदीच किरकोळ दिसतोय. विचारलं तर म्हणाल्या, नवीन घराला सुरुवातीला कमीच येतो. त्यांच्याच लेंडरकडून कर्ज घेतलं तर टू-वन बायडाउन (व्याज पहिल्या वर्षी दोन टक्के, दुसऱ्या वर्षी एक टक्का कमी), क्लोजिंग कॉस्टही (खरेदी पूर्ण करतानाचा खर्च) तेच भरणार, पण सही महिनाअखेरीच्या आत हवी.

आणि एक. नवंकोरं घर, सिटीचा इन्स्पेक्टर पास करतो, बिल्डरची दहा वर्षांची वॉरंटी. मग स्वतःचा इन्स्पेक्टर लावण्यात अर्थ आहे का?

प्रॉस्परची_मावशी

त्या बाई खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतायत. इथे टॅक्सचं मूल्यांकन १ जानेवारीला प्लॉटवर जे उभं असेल त्याचं होतं. तेव्हा तिथे नुसती माती असेल तर त्या वर्षाचं बिल मातीचंच येणार.

हिशेब मांडून दाखवते. शाळा, शहर, काउंटी, कॉलेज मिळून सोयीसाठी २ टक्के धरा. जमीन १,२०,००० ची असेल तर वर्षाला २,४००, म्हणजे महिन्याला २००. लेंडर एस्क्रोत (टॅक्स वगैरेसाठी हप्त्याबरोबर पैसे बाजूला ठेवायचं खातं) तेवढेच कापतो. पुढच्या जानेवारीत पूर्ण घर उभं असतं, ५,५०,००० वर ११,००० चं बिल येतं. लेंडर ते भरून टाकतो आणि तुम्हाला पत्र पाठवतो की ८,६०० ची तूट आहे. मग महिन्याचे २०० चे होतात ९१७, वर तूट वसूल करायला वर्षभर आणखी ७१७. एकूण हप्ता एका झटक्यात १,४०० हून जास्त डॉलरने वाढतो! साधारण त्याच सुमाराला तुमच्या बायडाउनचं पहिलं वर्ष संपून व्याज एक टक्क्याने वाढणार. साडेचार लाखांच्या आसपास कर्ज असेल तर तेही अडीचशेच्या वर. आमच्या गल्लीत दरवर्षी कुणीतरी हे पत्र हातात धरून माझ्या दारात येतं, मी अकाउंट्समध्ये आहे म्हणून.

तेव्हा लेंडरला आत्ताच सांगा की एस्क्रो पूर्ण घराच्या किमतीवर धरा. ऐकत नसेल तर फरक स्वतः बाजूला टाकत जा. राहायला गेल्या गेल्या होमस्टेड एक्झेम्प्शनचा (स्वतः राहत्या घरावरची टॅक्स सवलत) अर्ज करा, शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून १,४०,००० वजा होतात (नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात वाढले, आधी १,००,००० होते). अर्ज फुकट असतो. पैसे मागणारी सरकारी दिसणारी पत्रं येतील, ती सरळ कचऱ्यात टाका. होमस्टेडच्या मूल्यांकनाच्या वाढीला वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा असते असं कुणी सांगेल, पण ती नव्या बांधकामाला लागू नाही, त्यामुळे जमिनीवरून घरावर होणारी उडी तिने अडत नाही.

आणि पीआयडी किंवा एमयूडी आहे का ते विचारलंत का? नव्या वसाहतीचे रस्ते, पाण्याच्या लाइनी यांसाठी काढलेलं कर्ज रहिवाशांकडून वसूल करतात ते हे. पीआयडीची रक्कम होमस्टेडनेही सहसा कमी होत नाही.

डॅलसवासी_नाना

बायडाउनऐवजी तेवढ्या पैशात घराची किंमत उतरवतात का ते विचारा. बाहेरच्या एका लेंडरचं लोन एस्टिमेट (व्याज आणि खर्चाचा लेखी अंदाज) हातात ठेवून बोला. महिनाअखेरीचं फार मनावर घेऊ नका, पुढच्या महिन्यालाही अखेर असते. एजंट नसेल तर आता उशीर झाला असेल, बहुतेक बिल्डर पहिल्याच भेटीत त्याचं नाव नोंदवायला सांगतात.

सिव्हिलवाला_यवतमाळ

इन्स्पेक्टर लावाच. काउंटीच्या या बहुतेक भागाची माती आमच्या यवतमाळच्या कपाशीच्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे बाप्पा. पावसात फुगते, ऑगस्टात भेगाळते. म्हणून इथे स्लॅबमध्ये केबल ताणून टाकतात. काँक्रीट पडल्यावर त्या केबल कुणाला दिसत नाहीत, तेव्हा पहिली तपासणी काँक्रीट ओतण्याआधी. दुसरी ड्रायवॉल (भिंती झाकणारे जिप्समचे बोर्ड) लागण्याआधी, तिसरी क्लोजिंगआधी. वॉरंटीच्या अकराव्या महिन्यात चौथी.

माझ्या घरी दुसऱ्या तपासणीत काय निघालं ते सांगतो. वरच्या बाथरूमचा ड्रेन बसेना म्हणून प्लंबरने आय-जॉइस्टची (मजला तोलणारी लाकडी तुळई) खालची पट्टीच करवतीने कापली होती. मधल्या पातळ फळीत भोक चालतं, वरच्या-खालच्या पट्टीला हात लावायचा नसतो, सगळा भार तिच्यावर. त्याच्यावर वर टब येणार होता. फोटोसकट रिपोर्ट गेल्यावर बिल्डरने इंजिनिअरकडून दुरुस्तीचं ड्रॉइंग आणलं आणि दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकून घेतलं. आठवड्याभराने तिथे छत लागलं असतं. सिटीचा माणूस येऊन गेलेला होता.

दहा वर्षांची वॉरंटी फक्त मुख्य ढाच्याची. कामाच्या दर्जाची सहसा एक, प्लंबिंग-वायरिंग-एसीची दोन. आणि उन्हाळ्यात पायाभोवती झिरपणारा पाइप टाकून माती ओलसर ठेवा, सगळीकडून सारखी.

प्रॉस्परची_मावशी

शाळेचंही बघा. पत्त्यातलं शहर आणि आयएसडी (शाळांचा जिल्हा) यांचा संबंध असेलच असं नाही, फ्रिस्कोतच काही वसाहती प्रॉस्पर आयएसडीत आहेत. नव्या शाळा उघडल्या की हद्दी बदलतात. शिवाय वाढीचा वेगच तसा आहे. सेन्ससनुसार २०२३ साली वीस हजारांवरच्या शहरांत देशात सगळ्यात वेगाने वाढलं ते सेलाइना, पुढच्या वर्षी आपल्याच काउंटीतलं प्रिन्सटन. प्रिन्सटनने तर सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या घरांचे प्रस्तावच थांबवले, पाणी-रस्ते पुरेनात म्हणून. हायवे ३८० वर संध्याकाळी साडेपाचला एकदा गाडी घालून बघा. वास्तू त्यानंतर बघू.

लास_कोलिनासकर

मावशी, नाना, सिव्हिलवाले, खूप आभार. आज फोन केला. पीआयडी आहे! रक्कम विचारली तर म्हणाल्या, तो कागद टायटल कंपनी (मालकीचे कागद तपासून व्यवहार पूर्ण करणारी) क्लोजिंगला देईल.

प्रॉस्परची_मावशी

क्लोजिंगला नव्हे, करारावर सही करायच्या आधी. ती नोटीस द्यायची असा इथला कायदाच आहे. ईमेलने मागा, फोनवर नको. त्यात वर्षाचा हप्ता किती आणि शेवटचं वर्ष कोणतं, एवढं बघून इथे टाका. मग घराची खरी किंमत काढू.